मालक, मंडळी आणि इतर

आमच्या घरचा संगणक रात्रीतून खानदेशी विसरायचा. दिवसा मी त्याच्या लेखनाच्या सॉफ्टवेअरला एकेक शब्द शिकवत असे. फुनके. कळणा. बट्टी. खापर. शब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ उमटली की उजवं बटण दाबून सांगायचं, बाबा रे, हा शब्द आहे, आमच्याकडे तो रोजच्या जेवणात असतो. आणि रेघ लाजून नाहीशी व्हायची. दुसऱ्या दिवशी तेच पान उघडावं तर फुनक्यांखाली पुन्हा तांबडं. अक्षरं मोठी करून ठेवलेली असत, ती पुन्हा बारीक. तक्रार नाही, इशारा नाही. समोर असताना सगळं ऐकायचं आणि पाठ वळली की काही झालंच नाही असं वागायचं, हा स्वभाव मला चांगला ओळखीचा आहे. फक्त तो यंत्रात पाहायची सवय नव्हती.

भाचा धुळ्याहून आला होता, पारोळा-एरंडोल करत, एस.टी.ने. चहा संपायच्या आत त्याने संगणकावर काळी खिडकी उघडली, तिच्यात एक ओळ टंकली, उतरलेल्या यादीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मामा, ही फाइल तुमची नाहीच."

"मग कुणाची?"

"रूटची."

रूट म्हणजे आमचा संगणक ज्या कार्यप्रणालीवर चालतो त्या लिनक्सच्या राज्यातला सर्वाधिकारी. त्याचा क्रमांक शून्य, आणि त्याला कुठलंच दार बंद नाही. आपण एरवी साधे वापरकर्ते म्हणून नांदतो. मोठं काम निघालं, नवं सॉफ्टवेअर बसवायचं किंवा छपाईयंत्र जोडायचं असलं, की आज्ञेच्या आधी 'सुडो' हा शब्द लावून घटकाभर रूटचा अधिकार उसना घेतो. अधिकार परत जातो, पण त्या घटकेत जी फाइल जन्माला येते ती कायमची रूटच्या नावावर लागते. मागच्या दिवाळीत आमचं छपाईयंत्र रुसलं होतं, तेव्हा याच भाच्याने लेखनाचं सॉफ्टवेअर सुडो लावून चालवून पाहिलं होतं. त्या एका खेपेत सॉफ्टवेअरने माझ्या आवडीनिवडी टिपायची वही काढली, माझ्याच घरच्या फोल्डरात, पण रूटच्या सहीने. तेव्हापासून ते बिचारं माझ्या वतीने वहीकडे जायचं, वाचायचं, लिहायला गेलं की अडवलं जायचं आणि निमूट परत यायचं. येऊन मला सांगायचं मात्र नाही. घरात कुणाचा अपमान झाला की तो बाहेर बोलायचा नसतो, अशा वळणाचं असावं.

या वह्या एरवी आपल्या नजरेला पडत नाहीत, कारण त्यांची नावं टिंबाने सुरू होतात आणि टिंबाने सुरू होणारं नाव यादीत दाखवायचं नाही असा रिवाज आहे. रिवाजामागे काही थोर विचार असेल असं मी बरीच वर्षं समजत होतो. तसं काही नाही. लिनक्स ज्याच्या वळणावर गेलं ते युनिक्स घडत होतं तेव्हा प्रत्येक फोल्डरात दोन ठरलेल्या नोंदी असायच्या: एक टिंब म्हणजे 'हा फोल्डर स्वतः', दोन टिंबं म्हणजे 'याच्या वरचा'. यादी मागितली की या दोघी उगाच पुढे यायच्या, म्हणून कुणीतरी आखूड वाट काढली: नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल तर ती नोंद सोडून द्या. युनिक्स जिथे घडलं त्या बेल लॅब्जमध्ये पूर्वी काम केलेले रॉब पाइक यांनी 2012 साली ही हकिगत सांगितली आणि ती चूक होती असं साफ म्हटलं. दोन नोंदी झाकायला गेले आणि टिंबाने सुरू होणारं सगळंच झाकलं गेलं. मग ज्या सॉफ्टवेअरला जे दडवायचं होतं त्याने त्याच्या कपाळी टिंब लावलं. आज माझ्या घरच्या फोल्डरात मी ठेवलेल्या फाइलींपेक्षा टिंबवाल्यांची वस्ती मोठी आहे. जुन्या धाब्याच्या घरात माणसांपेक्षा आढ्यातल्या चिमण्या जास्त असाव्यात, तशी.

भाच्याने यादी समजावून सांगितली. प्रत्येक नावापुढे नऊ जागांची पट्टी असते. पहिल्या तीन मालकाच्या, मधल्या तीन मालकाच्या मंडळींच्या, शेवटच्या तीन इतरांच्या. मिळू शकतात अशा गोष्टी तीनच, वाचणं, लिहिणं आणि चालवणं. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन, चालवण्याचा एक अशी किंमत धरून बेरीज करतात, म्हणून ही मुलं 644, 755, 600 असे आकडे रागांच्या नावांसारखे सहज घेतात. माझी शब्दांची वही 644 होती: मालकाने वाचावं-लिहावं, बाकीच्यांनी नुसतं वाचावं. मालक रूट, मंडळीही रूटचीच. मी उरलो तिसऱ्या रकान्यात. पासष्टी ओलांडली की माणूस घरात हळूहळू 'इतर'मध्ये जमा होतो याची मला कल्पना होती, पण ते असं पट्टीवर मांडून कुणी दाखवलं नव्हतं.

"मग पुसून टाक ती वही," मी म्हणालो.

"पुसता येईल," तो म्हणाला. "फाइल रूटची असली तरी ती ज्या फोल्डरात आहे तो तुमचा आहे. फाइल काढून टाकणं म्हणजे फोल्डरातलं तिचं नाव खोडणं. ते तुम्हाला करता येतं."

म्हणजे वहीत एक काना बदलायची मला मुभा नाही, पण अख्खी वही उकिरड्यावर टाकायला कुणाची हरकत नाही. मी जरा वेळ पंख्याकडे पाहत बसलो.

आमच्या थोरल्या काकांना मात्र यात काहीच नवल वाटलं नसतं. त्यांना सातबारा वाचायचा नाद होता. नुसता स्वतःचा असं नाही. कुणी शेजारी सहज उतारा घेऊन चालला असला तरी ते त्याला ओट्यावर बसवून, पाणी देऊन, त्याचा कागद वाचून काढत. मालकाच्या नावावर ते कधी थांबत नसत. नजर सरळ 'इतर हक्क' या रकान्याकडे. कुठे सोसायटीचा बोजा, कुठे विहिरीतला हिस्सा, कुठे कुणाचं कुळ. खरं शेत तिथे असतं, असं ते म्हणायचे. आणि भोगवटादार वर्ग 2 असं दिसलं की जीभ टाळूला लावून हलकासा आवाज काढायचे. वर्ग 2 म्हणजे जमीन तुमच्या नावावर, नांगर तुमचा, कपाशी तुमची, पण विकायची म्हटली की जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागणार. नाव आणि मुभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे बेल लॅब्जला 1970 च्या आसपास सुचलं असेल. आमच्या ओट्यावर ते कुणी शिकवावं लागत नव्हतं.

त्यांना सगळ्यात जास्त रुचला असता तो फोल्डराचा 'चालवण्याचा' हक्क. फोल्डर काही चालवता येत नाही, म्हणून तिथे त्या हक्काचा अर्थ 'ओलांडून जाणं' असा होतो. एखाद्या फोल्डरात तुम्हाला वाचायची मुभा नाही पण ओलांडायची आहे, तर आत काय काय आहे याची यादी मिळणार नाही. मात्र पुढच्या फाइलीचं नाव तुम्हाला आधीच ठाऊक असेल तर खुशाल तिच्यापर्यंत जा. म्हणजे दुसऱ्याच्या शेतातली वहिवाटीची वाट. बांधावरून बैलगाडी न्यावी, हरभऱ्याला हात लावू नये, आणि कुणी वाट अडवली तर 1906 चा मामलतदार न्यायालय अधिनियम आहेच, तहसीलदाराकडे जावं. त्याच 1906 साली खानदेशची वाटणी झाली, पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे. बांधाबांधांच्या कज्ज्यांना कायदा मिळाला त्याच वर्षी जिल्ह्यातही एक बांध पडला, हा योगायोग काकांना कुणी सांगितला नाही हे बरं. त्यांनी त्यावर एक अख्खी दुपार काढली असती.

भाच्याने गंमत म्हणून आणखी एक आकडा दाखवला, 044. मालकाला शून्य, मंडळींना वाचायची मुभा, इतरांनाही वाचायची मुभा. यंत्र आधी विचारतं, तू मालक का? हो म्हटलं की फक्त मालकाचा रकाना पाहतं आणि दार लावून घेतं. शेजारीपाजारी वाचतात, येणारेजाणारे वाचतात, आणि ज्याची फाइल तो बाहेर उभा. "असं कुणी करत नाही," भाचा म्हणाला, "पण करता येतं."

मला धुळ्यातलं राजवाडे संशोधन मंडळ आठवलं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात गेले आणि त्यांच्या पश्चात हे मंडळ उभं राहिलं. पुण्यात 1910 मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ काढण्यात ज्यांचा पुढाकार, त्याच माणसाचं पुढे तिथल्यांशी पटेनासं झालं आणि शेवटचा काळ आमच्या पांझरेकाठी गेला. 1898 साली पानिपताच्या पत्रांचा पहिला खंड काढल्यापासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' त्यांनी बावीस खंडांत छापली, आणि त्यातलं पुष्कळसं लोकांच्या माळ्यावरून उतरवलेलं. गावोगाव जायचं, जुनं घराणं शोधायचं, दफ्तर दाखवा म्हणायचं. मालक नाही म्हणायचे. इंग्रजांच्या इनाम कमिशनने कागद तपासता तपासता इनामं खालसा केली होती. ती आठवण घरोघर होती, त्यामुळे कागद मागायला आलेल्या माणसाला पाणी विचारायच्या आधी लोक माळ्याची शिडी उचलून ठेवत असतील. आणि शिडी उचलणाऱ्या त्या मालकाला मोडी वाचता येतच असे असंही नाही. हक्काने कागद त्याचे, पण त्याला ते मुके. ज्याला ते बोलून दाखवले असते तो दारात उभा. वाळवीला कुणाचीच परवानगी लागत नव्हती. 044 हे असं कुणी मुद्दाम करत नाही, भाचा म्हणतो ते खरं आहे. वारसाने होत असावं.

फाइलीवर मालकाचं नाव कुठेच लिहिलेलं नसतं, हे मला त्या दिवशी कळलेल्या गोष्टींतलं सगळ्यात विचित्र. लिहिलेला असतो फक्त आकडा. घरात संगणक आणला की पहिल्या वापरकर्त्याला बहुतेक वेळा 1000 हा क्रमांक मिळतो. यंत्र एका तक्त्यात पाहून त्या आकड्याचं नाव आपल्याला दाखवतं. उद्या माझी चकती काढून भाच्याच्या संगणकाला जोडली तर तिथे 1000 तो आहे, म्हणून माझी उभ्या आयुष्याची फाइल न् फाइल एका क्षणात त्याची होईल. ना फेरफाराची नोंद, ना हरकतीची नोटीस, ना तलाठ्याच्या खेपा. हे ऐकून भाचा नुसता हसला. तो धुळ्याचा आहे. 1819 च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्ज यांनी खानदेशचं मुख्य ठाणं तिथे मांडलं. सरळ रस्त्यांची ती पेठ आणि तिथल्या गल्ल्यांना आजही नुसते नंबर. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. ज्याच्या लहानपणीचा पत्ताच एक आकडा होता, त्याला यात भिण्यासारखं काय दिसणार?

"सगळ्यांना सगळं देऊन टाकता येत नाही का?" मी विचारलं. देता येतं म्हणे. 777. मालक, मंडळी, इतर, सगळ्यांनी वाचा, लिहा, चालवा. कंटाळलेली माणसं हेच करतात. पण त्याने सुखी होण्याऐवजी यंत्र संशयी होतं. दूरच्या संगणकाशी बोलायचं एसएसएच नावाचं साधन आहे, त्याची खाजगी किल्ली टिंबवाल्याच एका फोल्डरात असते. ती किल्ली इतरांना नुसती वाचता येते आहे एवढं दिसलं तरी ते मोठ्या अक्षरांत, भोवती चिन्हांची चौकट काढून बजावतं की परवानग्या फार सैल आहेत, आणि किल्ली हाती असून कुलूप उघडायला नकार देतं. चौकात टांगलेली किल्ली ही किल्लीच नव्हे, असं त्याचं म्हणणं. सुडोचंही तसंच. त्याच्या अधिकारांची यादी कुणालाही लिहिता येते असं दिसलं की तो हातावर हात ठेवून बसतो. इतका उदारपणा त्याला सोसत नाही.

शेवटी भाच्याने केलं ते एका ओळीचं काम. आज्ञेचं नाव 'चाऊन'. फाइल एका मालकाकडून काढून दुसऱ्याच्या नावावर करायची, आणि पुढे एक अक्षर जोडलं की फोल्डराच्या पोटातलं सगळं, तळापर्यंत. ओळ टंकून झाल्यावर त्याने ती लगेच सोडली नाही. शेवटच्या तिरप्या रेघेवर बोट ठेवून दोनदा वाचली, कारण तिथे एक मोकळी जागा चुकून पडली तर माझ्या घराऐवजी सगळं गाव माझ्या नावावर होतं आणि मग त्या गावात काहीच धड चालत नाही. ओळीच्या सुरुवातीला सुडो होतंच. ज्याने वही बळकावली तोच ती परत देऊ शकतो.

हे मला जरा लागलं. म्हणून विचारलं, समज एखादी फाइल माझीच आहे आणि मला ती तुला द्यायची आहे. तर?

"नाही देता येणार. नक्कल देता येईल. मालकी नाही. ती फक्त रूट बदलतो."

म्हणजे लिनक्समध्ये साध्या माणसाला दान करता येत नाही. मी कारण विचारलं तर तेही त्याच्याकडे होतं: कचेऱ्यांत, कॉलेजांत प्रत्येकाला चकतीवर ठरावीक जागा वाटून दिलेली असते; दानाची मुभा असती तर लोकांनी आपल्या अवजड, निरुपयोगी फाइली दुसऱ्याच्या नावावर करून स्वतःची जागा मोकळी केली असती. मला विनोबांचं भूदान आठवल्यावाचून राहिलं नाही. 1951 साली पोचमपल्लीला सुरू झालेल्या त्या यज्ञात लोकांनी मोकळ्या हाताने जमिनी दिल्या, त्यांतल्या कितीतरी खडकाळ निघाल्या, कितींवर आधीच दावे चालू होते. लिनक्स रचणाऱ्यांनी माणूस ओळखलेला दिसतो. विनोबांनीही ओळखला असणार, पण ते तरीही पायी फिरले.

विनोबांचा आणि धुळ्याचा संबंध त्याच्या बराच आधीचा. 1932 साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते आणि दर रविवारी गीतेचा एक अध्याय सांगत. 21 फेब्रुवारीला पहिला, 19 जूनला अठरावा. मधला एकही रविवार चुकला नाही. समोर बसणाऱ्या कैद्यांत अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात मास्तरकी केलेले साने गुरुजी होते आणि ते सगळं लिहून घेत होते. 'गीता प्रवचने' आपल्याला मिळाली ती या लिहिण्यामुळे. आता हा प्रसंग लिनक्सपुढे ठेवला तर निकाल क्षणाचा आहे. फाइल ज्याच्या हातून निर्माण झाली तो मालक. मालक: साने. मंडळी: कैदी. इतर: आपण सगळे. विनोबा कुठे बसतात? मंडळींत, कारण तेही कैदीच होते. वाचायची मुभा त्यांना बहुधा मिळाली असती. लिहिण्याची मिळालीच असती असं नाही. आणि रूट म्हणजे अर्थात जेलर. आपला कॉपीराइटचा कायदा जाहीर भाषणाची मालकी बोलणाऱ्याला देतो, हा दिलासा आहे; तुरुंगातलं भाषण जाहीर धरायचं का हा वाद काकांसाठी राखून ठेवू.

इकडे जळगावच्या बाजूला तर याहून बिकट प्रकरण. आसोद्याला 1880 मध्ये जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यापाशी, शेतात, चुलीपुढे गाणं यायचं, आणि चिरंजीव सोपानदेव, आणखी एखादा घरचा मुलगा, ते टिपून ठेवायचे. यंत्राच्या हिशेबाने वहीचे मालक सोपानदेव. ज्या बाईची गाणी तिला वाचायची मुभा कुणी नाकारली नव्हती, पण वही उघडून समोर धरली तरी तिच्या दृष्टीने पान कोरंच. शिवाय सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. 1951 च्या डिसेंबरात आई गेल्यावर ती वही घेऊन ते आचार्य अत्र्यांकडे गेले. अक्षर त्यांचं होतं, हयात असलेला कवीही तेच होते. 1952 साली पुस्तक आलं, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, 'बहिणाबाईंची गाणी' या नावाने. 2018 पासून जळगावच्या विद्यापीठाच्या पदवीवरही त्या बाईंचं नाव छापून येतं. पदवी घेणारी पोरं ती गाणी वाचतात तरी की नाही, ठाऊक नाही.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. तो बूट घालत होता, साडेचारची गाडी धरायची होती. साने गुरुजींनी विनोबांना दिलं, सोपानदेवांनी आईला दिलं, दोघांनीही रूटला विचारलं नाही, असं मी जरा विजयी स्वरात म्हणालो.

"पण मामा, साध्या वापरकर्त्याला चाऊन करताच येत नाही," तो म्हणाला. मग एक बूट घालायचा तसाच ठेवून, खात्री करायला त्याने पुन्हा काळी खिडकी उघडली आणि त्या आज्ञेची माहितीपुस्तिका वाचायला बसला.